सूर्योदयापूर्वीची जिलेबी

अर्धशिशीवर आमच्या घरात एकच उपाय होता: सूर्य उगवायच्या आत दुधात भिजवलेली जिलेबी खायची. सासूबाई ती आदल्या संध्याकाळीच आणून ठेवत. डाव्या कपाळात घण पडत असताना ती फुगलेली, गारढोण, तुपकट वस्तू माझ्यासमोर यायची. दुधावर नारिंगी तवंग. मी ती गिळायची आणि मोरीत जाऊन ओकायची. "थोडी तरी पोटात राहिलीच असेल," त्या समाधानाने म्हणायच्या.

मग बिबवेवाडीहून हिंजवडीपर्यंत कंपनीची बस. तिच्यात मोगऱ्याच्या नकली वासाची एक बाटली लटकत असे. तो वास नुसता आठवला तरी मला आजही मळमळतं. ऑफिसात मॅनेजरचा ड्रॉवर डोकेदुखीच्या गोळ्यांनी भरलेला. कुणी कपाळ दाबलं की तो सुपारी द्यावी तशी गोळी पुढे करी. मी मेंदूच्या डॉक्टरांकडे जायला अर्धा दिवस मागितला, तर म्हणाला, "गोळी घेतलीस ना? मग झालं तर. रिलीज आहे, यार." नवं सॉफ्टवेअर बाहेर पडायचा हा रिलीज बाराही महिने असायचा. माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती, म्हणून मी गोळी गिळली. पाठीमागे मला 'नाटकी' म्हणतात, हेही माहीत होतं.

शेवटी अप्पा बळवंत चौकात डॉक्टरकीचं एक जुनं जाडजूड इंग्रजी पुस्तक घेतलं. डोकेदुखीच्या प्रकरणावर कुणीतरी मिसळीची तर्री सांडून ठेवली होती. पण किळस आली ती वाचल्यावर, आणि ती आमची सगळ्यांची. डोकं उठलं की जठरही मंदावतं, पोटातलं पुढे सरकत नाही. म्हणजे ती जिलेबी तिथेच आंबत पडायची. आणि साध्या गोळ्या वरचेवर घेतल्या तर त्याच डोकं दुखवतात! उपाय होते की. दुखणं सुरू होतानाच योग्य औषध, सोबत उलटी थांबवणारं, अंधार, पडून राहणं. वारंवार होत असेल तर डॉक्टरांकडून रोजचं औषध. यातलं एकही मला कुणी देऊ केलं नव्हतं.

मी तणतणत सासूबाईंना मराठीत वाचून दाखवलं. एका बाजूला ठणका, उजेड सोसत नाही, वास सोसत नाही, उलटी. त्या मेथी निवडत होत्या. हात थांबला.

"मलाही असंच व्हायचं," त्या म्हणाल्या. "पाळी गेली तेव्हा थांबलं."

"जिलेबीने बरं वाटायचं?"

"छे. कधीच नाही."

मला त्यांचाही संताप आला. "उद्या मी ऑफिसला जाणार नाही, डॉक्टरकडे जाणार आहे," मी सांगितलं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "तेव्हा तुम्हाला घटकाभर कुणी आडवंही पडू दिलं नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. प्रश्नच कळला नसावा.

"जिलेबी खाल्ल्यावर आडवं कशाला पडायचं?"