आंदणाच्या गाईचं रक्त

मंडळी, दुपारपासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहिते.

मी बारामतीत जनावरांची डॉक्टर. आज कन्हेरीच्या सासू-सुना गाईचा रिपोर्ट न्यायला आल्या. सुनेच्या वडिलांनी निरवांगीहून परवाच ही गाभण गाय लेकीला आंदण दिलेली. आज पहाटे ती गाभडली.

"हिचा पायच पांढरा!" सासू बाहेर बाकावर बसून साऱ्यांना ऐकवत होती.

मी सुनेला आत घेतलं. गाईच्या रक्तात न्यूट्रोफिल भरमसाट, लिम्फोसाइट घटलेल्या, इओसिनोफिल तर शोधून सापडेनात. पांढऱ्या पेशींचं हे चित्र नुसत्या ताणानंही दिसतं, पण स्टेरॉइडनं हमखास दिसतं. आणि शेवटच्या महिन्यांत स्टेरॉइड टोचलं तर गाय गाभडू शकते.

म्हणून तिच्या वडिलांना स्पीकरवर फोन लावला. "आबा, गाईला कसलं इंजेक्शन दिलं होतं का?"

"व्हय. ताप हटंना. पावण्यांच्या दारात मरगळलेली गाय कशी न्यायची? पण मॅडम, पोरीला कळू देऊ नगा."

पोरगी समोरच उभी होती. तिनं फोन कापला, पदरानं तोंड पुसलं.

"मॅडम, सासूबाईस्नी ह्यातलं काय सांगू नगा. माज्या पायावरच ऱ्हाऊ द्या."

तेवढ्यात सासू आत आली. "काय निघालं रक्तात?"

"संसर्ग झालाय," मी म्हणाले.

तिनं सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "त्योच तर घरात आनलाय आमी."

सून मान खाली घालून तिच्या मागं चालू लागली.

मंडळी, खोटं बोलून मी नेमकं कुणाला वाचवलं?