छोट्या बशांतलं जेवण

माझ्या यजमानांची उभी हयात मालवाहू जहाजांवर फिटरकी करण्यात गेली. निवृत्त होऊन रत्नागिरीत आले ते कुरकुरतच. इथला पाव नीट नाही, कॉफी धड मिळत नाही, संध्याकाळी जायचं कुठे. एरवी बोलणं बेताचंच. गावात स्पॅनिश जेवणाचं हॉटेल निघालंय असं लेकीने पुण्याहून फोनवर सांगितलं, तेव्हा मात्र ते मला म्हणाले, "जाऊ या एकदा." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बाहेर जेवायला जाऊ या असं आपणहून म्हणण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. मी कपाटातली चांगली साडी काढली.

हॉटेल भाट्याच्या किनाऱ्याच्या बाजूला, एका बंगल्याच्या अंगणात होतं. मालक लेकीच्या वयाचा. स्पेनमध्ये स्वयंपाकी म्हणून राहून गावी परतलेला. तिकडे असं लहान लहान बशांतून, गप्पा मारत, थोडं थोडं खातात आणि त्याला तापास म्हणतात, हे त्यानेच मला समजावलं. तळलेली माकूल मासळी आली, बटाट्याचं जाड आम्लेट आलं, टोमॅटो चोळलेला पाव आला आणि मातीच्या वाटीत तेल-लसणीतली कोळंबी. खोबरं नाही, कोकम नाही, तरी कोळंबी चांगली होती. खोटं कशाला बोलू?

यांनी एक घास घेतला आणि मालकाशी तिकडच्या भाषेत बोलायला लागले. मी बघतच राहिले. हसत होते, हातवारे करत होते. घरी जेवताना "मीठ कमी आहे" यापलीकडे मी काही ऐकलेलं नव्हतं.

मालक भला. मला कळावं म्हणून तो मराठीवर आला आणि काका कुठल्या बंदरात होते ते विचारू लागला. हे रंगात येऊन सांगत होते. जहाज दुरुस्तीला लागलं होतं, अख्खा पावसाळा. राहायचं जहाजावरच, पण संध्याकाळ झाली की बंदरामागच्या गल्लीत जायचं आणि एका दुकानातून दुसऱ्या दुकानात उभ्या उभ्या खात फिरायचं.

"कंपनी तिकीट देत होती," ते म्हणाले. "सगळे घरी गेले, मी राहिलो. तेवढी मजा परत कधी आली नाही."

तो पावसाळा मला ठाऊक होता. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. मी फोन केला की हे सांगायचे, कंपनी कुणालाच सोडत नाही. मी सासूबाईंना तेच सांगायची. कूस बदलून देताना त्या विचारायच्या, "सुटला काय गो तो?" मी म्हणायची, अजून नाही. शेवटी अग्नी दिला तो चुलत दिरांनी. भेटायला येईल त्या प्रत्येकाला मी सांगत होते की यांचा नाइलाज आहे. मला यांचीच कीव येत होती.

मालक आत गेल्यावर मी विचारलं, "आई गेल्या तोच पावसाळा ना हा?"

ते पाव मोडत होते. "असेल," म्हणाले.

"तुम्ही म्हणाला होतात, कंपनी सोडत नाही."

त्यांनी पावाचा तुकडा वाटीतल्या तेलात बुडवला. मग म्हणाले, "तू होतीस ना तिथे."

परतताना रिक्षात मी विचारलं, तिकडे कुणी बाई होती का. नाही म्हणाले, आणि ते खरं असावं. असती तर मला भांडायला तरी काही मिळालं असतं. त्यांना घरी यावंसं वाटलं नव्हतं, बस.

लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, आता जुनं उकरून या वयात बाबांना का दुखवतेस. हे दर रविवारी तिथे जातात. मी येत नाही म्हणते. मला ते जेवण रुचलं नाही, असा त्यांचा समज आहे.

यंदा पितृपक्षात मी त्यांना सांगितलं, तुमच्या आईचं पान तुम्ही वाढा. त्यांनी खानावळीतून डबा मागवला, केळीच्या पानावर रिकामा केला, पान गच्चीवर ठेवलं आणि खाली येऊन पेपर वाचत बसले. कावळ्याची वाट बघायला कुणीच थांबलं नाही. मी आत माझ्यापुरता भात लावला.