बांगड्या वाढल्या

नणंदेचा सूड घ्यायचा हे मी सिल्लोडला, तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात ठरवलं. हे सांगताना मला लाज वाटत नाही. लोक म्हणतात, आईच्या मायेनं पोरीसाठी केवढं केलंत. माया होतीच, पण रोज सकाळी मला अंथरुणातून उठवायची ती खुन्नस.

माझी मुलगी ऑटिस्टिक आहे. तेव्हा ती नुकती पहिलीत गेली होती. स्वतःहून फार थोडं बोलायची. टीव्हीवरची जाहिरात मात्र ऐकल्यावर कितीतरी महिन्यांनी अचानक म्हणायची, त्याच शब्दांत, त्याच आवाजात. घरात आम्ही त्यावर हसायचो.

लग्नाच्या आदल्या दिवशी हॉलमध्ये बांगड्या भरणं चाललं होतं. बांगडीवाल्या चाची पेटी उघडून बसल्या होत्या. नणंद आली आणि तिनं पोरीचा गाल चिमटीत धरला. पोर किंचाळली, आडवी पडली, पाय झाडले. लाथ बसून पेटीतल्या हिरव्या बांगड्यांचा चुरा झाला.

आपल्याकडे बांगडी फुटली असं कोणी म्हणत नाही. वाढली म्हणतात. लग्नघरात तर जीभ चावून म्हणतात. बायका तेच म्हणत होत्या, चाचीसुद्धा म्हणाल्या, "वाढल्या बाई, जाने दो." आणि नणंद सगळ्यांदेखत, मोजून मापून म्हणाली, "लग्नघरात बांगड्या फोडल्या हिनं. वर नेऊन कोंडा हिला."

आणि खरंच कोंडलं. मी गाडीतून आहेराच्या पिशव्या आणायला गेले तेवढ्यात पोरीला वरच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. मी कडी काढली तेव्हा ती कोपऱ्यात भिंतीला पाठ घासत होती. माझा नवरा म्हणाला, "जाऊ दे, लग्नघर हे." त्याच्या बहिणीचं होतं ना.

त्याच दिवशी मी ठरवलं. हिची धाकटी उजवायची आहे अजून. त्या लग्नात माझी पोर त्याच हॉलमध्ये, सगळ्यांच्या मध्ये बसून, कोपरापर्यंत बांगड्या भरून घेईल. आणि ही बघेल.

गारखेड्यातल्या थेरपिस्ट बाईंकडे मी याच हट्टानं गेले. त्यांना कारण सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, हलका, न सांगता केलेला स्पर्श तिला टोचतो. घट्ट आणि सांगून दिलेला दाब तिला बरा वाटतो. ती आजारी नव्हती, त्यामुळं बरी व्हायचीही नव्हती. तिला काय सोसतं ते आम्हाला शिकायचं होतं.

मग मी शिकले. तिला विचारून खोबरेल तेलानं हातपाय दाबायचे. जुन्या लुगड्यांच्या जड वाकळेत गुंडाळायचं. भाकरीचं पीठ तिच्यापुढं ठेवायचं, मुठी रुतवून मळू दे म्हणून. गच्चीत झोका बांधला. नको असेल तर तळहात पुढं करायचा, हे बाईंनी तिला शिकवलं, आणि तो तळहात मानायचा हे मला. झोपायच्या आधी मी तिची बोटं एकत्र दाबून बांगड्या चढवायची, उतरवायची. दाबताना मनात नणंदेचा चेहरा असायचा. दाब मात्र बेताचाच द्यायची, तेवढं भान होतं.

कधी सगळं फिसकटायचं. आठवडाभर ती कोणाला जवळ येऊ द्यायची नाही. मग मी थांबायची. सूड घेणाऱ्याला घाई चालत नाही.

धाकटीचं लग्न यंदा झालं, त्याच हॉलमध्ये. पोर आता माझ्या खांद्याला लागते. कानांवर हेडफोन लावून ती चाचींसमोर मांडी घालून बसली आणि तिनं स्वतः हात पुढं केला. चाचींनी पंजा चेपला. "हात ढिल्ला छोड, बेटा." पोरीनं सोडला. एकेक बांगडी चढत गेली. बायका बघत होत्या. मी नणंदेकडं बघत होते.

तिला राहवलं नाही. "आगं बाई, शहाणी झाली की माझी बाय," म्हणत ती आली आणि तिचा हात पुन्हा गालाकडं गेला. पोरीनं तळहात उभा केला. नणंद दचकून मागं सरली, तिचं कोपर पेटीवर आपटलं आणि वरचा बांगड्यांचा गठ्ठा खाली पडून त्याचा चुरा झाला.

'फोडल्या' हा शब्द माझ्या जिभेवर इतकी वर्षं तयार होता. मी तोंड उघडलं, पण पोर आधी बोलली. नणंदेच्या आवाजात, नणंदेच्याच ठसक्यात.

"लग्नघरात बांगड्या फोडल्या हिनं. वर नेऊन कोंडा हिला."

नणंद भिंतीला टेकली. तिचा चेहरा पांढरा पडलेला मी डोळे भरून पाहिला. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. मग पोर तेच पुन्हा म्हणाली, आणि पुन्हा, आणि म्हणता म्हणता तिची पाठ मागची भिंत शोधायला लागली.

"दाबू?" मी विचारलं. तिनं बांगड्यांनी भरलेले दोन्ही हात माझ्याकडं दिले. मी ते घट्ट धरून बसले. तेवढी वर्षं ती खोली तिच्या आत होती, आणि मला वाटत होतं की तो दिवस एकटी मीच सांभाळून ठेवलाय.