मधलीनं लाडू खाल्ले, असं छापून आलं

मुलांना विचार करायला शिकवायचं तर त्यासाठी वेळापत्रकात वेगळा तास घालावा लागतो, हे मला आमच्या शाळेतल्या एका सरांकडून कळलं. तोवर मी समजत होते, बाकीच्या तासांना तेच चालतं. भाबडी, दुसरं काय!

मी तिथं शिक्षिका नव्हते हो. शिक्षण सातवी. ग्रंथालयातली पुस्तकं झटकायची, शिक्के मारायचे, कपाटांना कुलपं लावायची, हे माझं काम. झटकता झटकता वाचत गेले, एवढीच काय ती विद्या. एखाद्या वर्गाचे शिक्षक आले नाहीत की मला पाठवायचे. "मावशी, सातवीला जरा गप्प ठेवा." गप्प ठेवणं मला कधी जमलं नाही. मग मी त्यांना चोऱ्या सांगायचे. लहानशी गोष्ट, तीन माणसं, एक गुन्हा. शोधा पाहू कोणी केला ते. मुलं भांडायची, बाकावर चढायची, शेजारच्या वर्गाच्या बाई दारात येऊन डोळे वटारायच्या. उत्तर मी लगेच सांगायचेच नाही. दुसऱ्या दिवशी डबा खाताना कुणीतरी पळत येई, "मावशी, सापडला!" बहुतेक वेळा सापडलेला नसायचा. पण रात्रभर डोकं चाललेलं असायचं ना!

हे सर तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आले. हॉटेलात, दोन वेळच्या जेवणासकट. येताना एक पिशवी आणली आणि एक शब्द आणला: समस्या निराकरण कौशल्य. माझा गोंधळ त्यांनी वर्गाबाहेर उभं राहून ऐकला आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही करता ते चांगलं आहे, पण त्याला काही पद्धत नाही. लिहून द्या मला सगळं."

मी मूर्ख, दिलं. पंचवीस गोष्टी वहीवर उतरवून दिल्या, उत्तरांसकट. सरांनी त्यांची पुस्तिका छापली. पहिल्या पानावर सरांचा फोटो, आणि प्रत्येक कोड्याखाली लगेच ठळक अक्षरांत उत्तर. म्हटलं, "अहो, उत्तर डोळ्यांसमोरच असेल तर मुलं शोधतील काय?"

"पालकांची सोय," सर म्हणाले.

पुण्यातले पालक ते! सोय झाली म्हटल्यावर त्यांनी ती पुरेपूर वापरली. आठवड्याभरात व्हरांड्यातून पाढे ऐकू यायला लागले. "अकरावं कोडं, माळी. बारावं कोडं, मधली. तेरावं कोडं, पोस्टमन." गोष्ट काय होती, कुणाला पत्ता नाही. सर मात्र मान डोलवत फिरत होते. मुलांची विचारशक्ती वाढली म्हणे!

पुढे या पुस्तिकेवर पन्नास गुणांची परीक्षा ठेवली. तिच्यातले पहिले तीस जण स्कॉलरशिपच्या जादा तासांना, फुकट. सातवीतली एक मुलगी त्या तिसांत यावी, असं मला फार वाटत होतं. तिची आई मंडईबाहेर भाजी घेऊन बसायची, मूळची वाघोलीकडची. बाहेरचा क्लास लावणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. पोरगी मात्र अशी, की गोष्ट सांगताना मी जरा कुठे घसरले की तिचा हात वर. आली नाही ती तिसांत. चार गुणांनी हुकली. उत्तरपत्रिका कपाटात ठेवायला माझ्याकडे आल्या, तेव्हा तिची काढून पाहिली. बाराव्या कोड्याला तिला पाचांपैकी शून्य होतं.

बारावं कोडं असं. दुपारी तीन वाजता घरातला लाडवांचा डबा रिकामा सापडतो. मोठी म्हणते, मी झोपले होते. मधली म्हणते, मी नळाखाली केस धूत होते. धाकटी म्हणते, मी गच्चीवर अभ्यास करत होते. आमच्या भागात तेव्हा नळाला पाणी यायचं सकाळी दोन तास. म्हणजे मधली खोटं बोलते, म्हणजे लाडू तिनंच खाल्ले. आपल्या हुशारीवर मी बेहद्द खूश होते.

पोरीनं लिहिलं होतं: "मधली खोटं बोलली एवढंच यावरून कळतं. लाडू कोणी खाल्ले ते कळत नाही."

मी ते पुन्हा वाचलं. इतकी वर्षं ती गोष्ट सांगत होते, आणि त्यातलं हे भगदाड मला दिसलं नव्हतं. तिला बोलावून विचारलं, "हे तुला सुचलं कसं गं?"

"माझी आई मामीकडे जाऊन येते आणि आजीला सांगते, देवळात गेले होते," ती म्हणाली. "म्हणून काय तिनं चोरी केली?"

मी सरळ सरांकडे गेले. "सर, कोडं माझं आहे आणि ते चुकलंय. पोरीचं बरोबर आहे."

"मावशी, छापून झालंय."

"छापलं म्हणून लाडू मधलीच्या पोटात गेले का?"

"चाळीस मुलांनी 'मधली' लिहिलंय. त्यांचे गुण कापू? त्यांचे पालक तुम्ही सांभाळणार?"

विचार करायला शिकवणारा हा माणूस! विचार केलेली एक मुलगी समोर आली तर त्याला ती अडचण वाटली. मग मीही इरेला पेटले. रीतसर अर्ज लिहिला, कचेरीत देऊन आवक क्रमांक घेतला. तोंडी बोललेलं आमच्या शाळेत वाऱ्यावर जायचं. क्रमांक पडला की मात्र निकाली काढावंच लागायचं.

चौथ्या दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. सर शेजारी बसलेले. पुढच्या शनिवारी पुस्तिकेचं प्रकाशन होतं, पाहुणे ठरले होते, शाल-श्रीफळ आणून ठेवलं होतं. बाई गोड आवाजात म्हणाल्या, "त्या मुलीला आपण विशेष बाब म्हणून एकतिसावी घेऊ. तुम्ही फक्त अर्ज मागे घ्या. उत्तरं तपासली, बरोबर आहेत, एवढं लिहून सही करा."

"आणि नाही केली तर?"

"तर यादी लागलेली आहेच," सर म्हणाले.

हिमतीच्या गोष्टी मी आयुष्यभर मोठ्या तोंडानं सांगितल्या. त्या दिवशी पेन उचललं आणि सही केली. त्या दोघांना मी नावं ठेवते ना, त्यात तिसरं नाव माझं धरा.

संध्याकाळी मंडईबाहेर जाऊन मायलेकींना सगळं सांगितलं. आई मेथीच्या जुड्या बांधत होती. हात न थांबवता म्हणाली, "आत घेत्यात न्हवं? मग जायाचं. बसायला जागा हाय, तेवढं बघायचं."

पोरीनं मला विचारलं, "तुम्ही लिहून दिलंत, उत्तर बरोबर आहे म्हणून?"

"दिलं."

ती आईशेजारी बसली आणि जुड्या बांधायला लागली.

शनिवारी प्रकाशन झालं. नव्या प्रतींच्या मुखपृष्ठावर एक ओळ वाढली होती: तज्ज्ञांकडून तपासलेली उत्तरे. तज्ज्ञ म्हणजे मी. सातवी पास! पाहुण्यांनी चिंतनशील पिढीवर पाऊण तास भाषण केलं, आणि चिंतनशील पिढी सतरंजीवर बसून बटाटेवड्याची वाट बघत होती.

मुलगी जादा तासांना जायला लागली. तिथं सर विचार करण्याच्या पाच पायऱ्या फळ्यावर लिहून देत आणि मुलं त्या पाठ करत. ग्रंथालयात ती यायची, पुस्तक टेबलावर ठेवायची, दुसरं घेऊन जायची. महिनाभर माझ्याशी एक शब्द नाही. शेवटी न राहवून मीच म्हटलं, "अगं, एक नवी चोरी आहे माझ्याकडे. सांगू?"

"नको," ती म्हणाली. "गणिताचं पुस्तक द्या. त्यात पडताळा घेता येतो."

मी कपाट उघडलं, पुस्तक काढलं आणि तारखेचा शिक्का मारून तिच्या हातात दिलं.