पिशवीतल्या शेंगा

विभागात त्यांना तोंडावर ‘बाई’ आणि पाठीमागे ‘पिशवीवाल्या बाई’ म्हणत. दुसरे नाव त्यांच्या कानावर होते, पण त्यांनी ते कधी मनाला लावून घेतले नाही. त्यात खोटे काही नव्हते. वनस्पतींची उत्क्रांती आणि आनुवंशिकता हा त्यांचा जन्मभराचा विषय, आणि त्या जन्मातला निम्मा वेळ फुलांवर पातळ कागदाच्या पिशव्या चढवण्यात गेला. कळी उमलण्याआधी पिशवी चढवायची आणि देठाशी दोऱ्याची गाठ मारायची. मग वारा, मधमाशी, मुंगी, कुणीही त्या फुलापर्यंत पोचत नाही. आत काय घडले याची साक्ष फक्त ती गाठ देते.

गाठ त्यांच्या आईची होती. आई एका दुकानासाठी कपडे शिवून देई. एकदा मालकाने तिच्यावर कापड चोरल्याचा आळ घेतला आणि चारचौघींसमोर तिची पिशवी उलटी करून झाडली. आतून काहीच निघाले नाही. पण माफी मागण्याची रीत त्या दुकानात नव्हती. त्या दिवसापासून आई परत पाठवायचे प्रत्येक गाठोडे अशा गाठीने बांधू लागली, की मध्ये कुणी ते सोडून पुन्हा बांधले तर दोऱ्याचा पीळ उलटा पडावा आणि लबाडी उघडी व्हावी. मुलगी बघता बघता ती गाठ शिकली.

संशोधनाच्या सुरुवातीला त्यांच्या मार्गदर्शकांनी भर परिषदेत एका नव्या संकराची घोषणा केली होती. पुढच्या हंगामात कळले की तो संकर सरांनी कुंचल्याने पराग लावून केलेला नव्हता, उघड्या खिडकीतून आलेल्या मधमाशीने केला होता. सर उभे राहून आपला शब्द मागे घेत होते आणि मागच्या रांगेत लोक हसू दाबत होते. तेव्हा बाईंनी ठरवले की यापुढे कुठल्याही बियाचा बाप विश्वासावर मानायचा नाही. पुढे त्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगत, “बियाची आई डोळ्यांना दिसते. बाप कोण, हे सिद्ध करावं लागतं.” मागच्या बाकांवर खसखस पिके. बाई ती पिकू देत आणि मग म्हणत, “हसून झालं? आता सिद्ध करा.”

त्यांचे नाव झाले ते एका साध्या रानरोपामुळे. दगडी भिंतींच्या फटींत उगवणारे, पिवळ्या फुलांचे, कुणी वळून न पाहणारे रोप. त्याचे वैशिष्ट्य असे की ते स्वतःच्या फुलातला पराग स्वीकारत नाही. बी धरायला त्याला दुसऱ्या रोपाचा पराग लागतो. त्याच्याच जवळच्या नात्यातली दुसरी जात मात्र आपली आपणच बी धरते. एका पूर्वजाच्या दोन वाटा या नकारापाशी फुटल्या, असा बाईंचा सिद्धान्त होता. ‘हे रोप स्वतःला कधीही स्वीकारत नाही,’ असे त्यांनी ग्रंथात लिहिले, आणि तो ‘कधीही’ पाठ्यपुस्तकांपर्यंत गेला.

त्या शब्दाला एकदाच कुणी हात लावला. बाईंची विद्यार्थिनी, पुढे त्याच विभागात हंगामी नोकरीवर लागलेली, सगळे तिला ‘धाकटी’ म्हणत. एका बैठकीत ती चाचरत म्हणाली, “बाई, कधीही म्हणजे अगदी कधीही? एखादं रोप म्हातारं झालं, एकटं राहिलं, तरीसुद्धा?”

“तुझ्याकडे एक तरी शेंग आहे का?”

“नाही.”

“मग चहा घे, निवतोय.”

सगळे हसले. धाकटीही हसली. बाईंनी मात्र तिचा तो प्रश्न मनात जपून ठेवला.

पुढे बाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली. जाण्याआधी त्यांनी काचघरातल्या रोपांच्या फांद्यांवर, पुढे येणाऱ्या कळ्याही आत राहतील अशा मोठ्या पिशव्या स्वतः चढवल्या, स्वतः गाठी मारल्या, आणि धाकटीला व पाणी घालणाऱ्या माणसाला समोर उभे करून बजावले, “पाण्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. मी येईपर्यंत सगळं जसंच्या तसं.”

दुखणे लांबले. काठी टेकत बाई परत आल्या, तेव्हा रोपे सुकायला लागली होती, आणि शेंड्याकडच्या काही पिशव्यांत शेंगा धरलेल्या होत्या.

त्यांनी आधी गाठी तपासल्या. पीळ सरळ होता. मग बी पेरून रोपांची जनुकीय तपासणी करून घेतली. बाहेरचा पराग कुठेच नव्हता. प्रत्येक रोपाची आई तीच त्याचा बाप होती.

याचा सरळ अर्थ एक होता, आणि बाईंनी दुसरा घेतला. या रोपाचा नकार मोडण्याची एक युक्ती आहे. कळी कोवळी असताना चिमट्याने उघडायची आणि त्याच रोपाचा पराग आत लावायचा. नाकारण्याची शक्ती तेव्हा तयार झालेली नसते. या कामाला हात अतिशय हलका लागतो. विभागात तसा हात धाकटीचा होता. आणि ती गाठही धाकटीला येत होती. दोन्ही बाईंनीच शिकवले होते.

संशय नेहमी उताराकडे वाहतो, म्हणून पहिली विचारणा पाणी घालणाऱ्या माणसाला झाली.

“बाई,” तो कानाच्या पाळीला हात लावून म्हणाला, “मला बुटाची नाडी बांधता येत नाही म्हणून मी चपला घालतो. मी तुमची गाठ कधी सोडणार आणि कधी बांधणार?”

मग धाकटीला बोलावणे गेले. बाईंनी दार लावून घेतले.

“मी नसताना तू पिशव्या उघडल्या होत्यास?”

“नाही.”

“एखादी? उत्सुकता म्हणून?”

“बाई, तुम्ही हात लावू नका म्हणालात. मी लावला नाही.” तिला आधी नीट उमगले नाही, मग चेहरा उतरला. “तुम्हाला वाटतंय शेंगा मी केल्या?”

“मला काहीच वाटत नाही. मी शक्यता तपासतेय.”

“मग बाकीच्या शक्यता कुठे आहेत? दारापाशी मी एकटीच उभी दिसतेय.”

बाईंनी उठून दार उघडून दिले. घरी नवऱ्याशी बोलल्या. तो शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाला होता आणि बायकोच्या शंकेखोरपणाची त्याने जन्मभर थट्टाच केली होती. “लग्नाआधी तू आमच्या घराण्याची चौकशी सुरू केलीस,” तो म्हणाला, “ती अजून बंद झालेली नाही. त्या पोरीचं वर्षभरात तरी आटपशील का?”

“तुम्हाला यातलं काही कळत नाही.”

“शेंगांतलं नाही कळत. पोरीतलं थोडं कळतं. जेवायला यायची तेव्हा मीठ मागायलासुद्धा संकोचायची.”

त्याच सुमारास धाकटीला कायम करण्याचा विषय समितीपुढे आला. विभागप्रमुखांनी बाईंचे मत विचारले. बाई एवढेच म्हणाल्या, “मी थांबा म्हणेन.” कारण त्यांनी दिले नाही. पुरावा नसताना आरोप करायचा नाही, हे त्यांचे तत्त्व होते. आणि तत्त्व पाळल्याच्या समाधानात, आरोप तर झालाच आहे, फक्त त्याला उत्तर देण्याची सोय ठेवलेली नाही, ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली. धाकटीची मुदत वाढली नाही. गावातल्याच एका बियाणे कंपनीच्या तपासणीघरात ती नोकरीला लागली. जाताना तिने काचघराची आपली किल्ली बाईंच्या टेबलावर ठेवली आणि नमस्कार न करता निघून गेली.

पुढच्या हंगामात बाईंनी काचघराचे कुलूप बदलले. किल्ली एकच, ती त्यांच्या गळ्यात. पाणीसुद्धा त्या स्वतः घालू लागल्या. पाणी घालणारा दारातून म्हणे, “बाई, मी आता बाहेरच्या फरशीला पाणी घालू का?” त्यांना हसू येत नसे. या वेळी शेंगा धरणार नाहीत आणि मग धाकटीची लबाडी आपोआप सिद्ध होईल, अशी त्यांची मांडणी होती. बहर आला आणि ओसरला. शेंग एकही नव्हती. बाईंना बरे वाटले, आणि बरे वाटल्याचे थोडे वाईटही वाटले.

बहर ओसरला की रोपे उपटून कुंड्या पुढच्या पेरणीसाठी मोकळ्या करायच्या, ही त्यांची पूर्वापार पद्धत. जागा कमी, काम फार. त्यांनी पहिल्या रोपाच्या बुडाला हात घातला आणि तो तिथेच थांबला. गेल्या हंगामात रोपे या वेळी उपटली गेली नव्हती. त्या अंथरुणावर होत्या आणि हात लावायचा नाही हा त्यांचाच हुकूम होता. आरोप सिद्ध करायचा तर सगळी परिस्थिती तशीच हवी. हे विद्यार्थ्याला त्यांनीच सुनावले असते. त्यांनी हात काढून घेतला.

रोपे उभी राहिली. पाने पिवळी पडली, काचघर तापू लागले, शेंड्यांना उशिराची चारदोन खुरटी फुले आली. आजवर ही फुले उमलायच्या आतच रोपे कचऱ्यात जात. बाईंनी त्यांवरही पिशव्या चढवल्या.

त्या पिशव्यांत शेंगा धरल्या.

बाई उलट्या ठेवलेल्या कुंडीवर बसून राहिल्या. आयुष्य संपत आले आणि दुसरे कुणी आले नाही, की हे रोप शेवटी स्वतःलाच स्वीकारते. ‘कधीही’ खोटा होता. तो खोटा ठरवणारी फुले त्या दर वर्षी स्वतःच्या हाताने, टापटिपीसाठी, उपटून टाकत आल्या होत्या.

हे अजून कुणाला ठाऊक नव्हते. किल्ली एकच होती. रोपे उपटली असती तर ग्रंथ शाबूत राहिला असता. हा विचार त्यांच्या मनात आला आणि बराच वेळ बसून राहिला.

“काचघरात दुसरं कोण जात होतं?” नवऱ्याने विचारले.

“कुणीच नाही.”

“म्हणजे तूच केलंस.”

“मी काही केलेलं नाही!”

“असंच तीही म्हणाली होती ना?”

दुसऱ्या दिवशी बाई विभागप्रमुखांकडे गेल्या. “समितीपुढचा माझा शब्द मला मागे घ्यायचाय.”

“कोणता शब्द?” ते गोंधळले. “तुम्ही कारणच दिलं नव्हतं. मागे घ्यायला आहे काय?”

“म्हणूनच आता सांगते. समिती बोलवा. मी तिच्यावर लबाडीचा संशय घेतला होता. तो खोटा होता, आणि माझा सिद्धान्तही अर्धा खोटा आहे.”

समितीपुढे त्या उभ्या राहून बोलल्या. मागच्या रांगेत कुणीतरी खोकले. जागा भरलेली नव्हती. ती धाकटीला द्यायचे ठरले. ते सांगायला बाई स्वतः तपासणीघरात गेल्या. धाकटी ओल्या टिपकागदावरचे अंकुर निवडत होती. तिने खुर्ची पुढे केली, पण हातातला चिमटा खाली ठेवला नाही. बाईंनी सगळे सांगितले.

“शेंगा धरल्या नसत्या तर?” धाकटीने विचारले.

“तर तुझंच नाव घेतलं असतं.”

“खरं बोललात, हे बरं झालं.” तिने चिमट्याने एक अंकुर बाजूला काढला. “पण शेंगा मी पाहिलेल्या नाहीत. पिशव्या तुमच्या, गाठी तुमच्या, किल्ली तुमची आणि साक्षीदारही तुम्हीच. हे मी का मानू?”

बाईंना राग आला. तो ओसरायला वेळ लागला. मग म्हणाल्या, “मानू नकोस.”

“पुढचा हंगाम मी करीन. एकटी. तुम्ही आत यायचं नाही.”

बाईंनी गळ्यातली किल्ली काढून अंकुरांच्या ताटलीशेजारी ठेवली.

कळ्या धरल्या त्या दिवशी बाई काचघराच्या बाहेर काठी टेकून उभ्या होत्या. पाणी घालणारा झारी घेऊन आला. “बाई, उन्हात का? आत या की.”

“मला मनाई आहे.”

तो थट्टा समजून मोठ्याने हसला.

काचेपलीकडे धाकटी पिशव्या चढवत होती. तिची बोटे दोऱ्यावरून वेगळ्याच रीतीने फिरत होती. ती आईची गाठ नव्हती. तिने स्वतः शोधलेली दुसरीच कुठली तरी होती. बाई नकळत काचेजवळ सरकल्या. दोन वेढे, मग खालून घेतलेले टोक. पुढचे अजून कळायचे होते. तेवढ्यात त्यांना दुकानातली उलटी झाडलेली पिशवी आठवली, आणि आईने ती गाठ कशासाठी शोधली होती तेही. त्यांनी काचेकडे पाठ फिरवली आणि धाकटीचे काम संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. या पिशव्यांत शेंगा धरल्या, तर ही गाठ बाईंनाही येत होती, असे उद्या कुणाला म्हणता येऊ नये.