बाबांची पेटी आणि आईची हाक

माझं पोटापाण्याचं काम सांगायला अवघड आणि ऐकायला कंटाळवाणं आहे. ऑफिसात ढीगभर कॉम्प्युटर, फायली मात्र भलत्याच खोलीतल्या मशीनवर. ज्याला जे हवं ते त्याच्यासमोर आणून जोडायचं, हे मी बघते. नातेवाइकांना वाटतं मी प्रिंटर दुरुस्त करते. मी आता खुलासे करणं सोडून दिलंय.

या कामाची खरी गरज पडली ती हिमायतनगरच्या आमच्या घरी, बाबा गेल्यावर.

निवृत्तीनंतर बाबांनी आबिड्सच्या बाजारातून एक माइक आणला आणि माझ्या लेकीसाठी गोष्टी रेकॉर्ड करायला घेतल्या. लेक या तेलुगू मुलखात वाढलेली; मराठी बोलते, पण त्यात तेलुगू आणि इंग्रजीच जास्त. वाचायला दिलं की अक्षराअक्षराला ठेचकाळते. वाचत नाही तर नाही, ऐकू दे, असं बाबा म्हणाले. रेकॉर्डिंग ठेवायला मी त्यांना एक छोटी पेटी आणून दिली, आत डिस्क असलेली, घरातल्या नेटवर्कवर चालणारी. ती त्यांच्या खोलीतल्या कपाटावर बसली आणि तिच्यातल्या फोल्डरला त्यांनी ऐटीत स्वतःचंच नाव दिलं. लेकीनं त्यातल्या किती गोष्टी ऐकल्या देव जाणे. बाबा गेल्यावर ऐकायला लागली ती आई.

आईच्या लॅपटॉपला मी ती पेटी कायमची जोडून दिली होती. पडद्यावरच्या एका चित्रावर टिचकी मारली की बाबांच्या गोष्टी समोर. पण करंट गेला की पेटी बंद पडायची आणि बॅटरीवरचा लॅपटॉप तिची वाट बघत थिजून बसायचा. आईला वाटायचं, आपल्याच हातून काहीतरी मोडलं. मग मी ऑफिसात करते तेच घरी केलं. एका फाइलीत एक ओळ लिहायची: डावीकडे मागायचं नाव, उजवीकडे पेटीतली खरी जागा. त्या नावानं कुणी मागितलं की जोडणी होते. थोडा वेळ कुणी विचारलं नाही की आपोआप सुटते. पडद्यावरचं चित्र काढून टाकावं लागलं, कारण त्या चित्रापायी लॅपटॉप झोपलेल्या पेटीला उगाच उठवत बसायचा. एक गोष्ट तेवढी लक्षात ठेवायची होती. नावानं मागितलं नाही तोवर तिथं काहीच दिसत नाही, फोल्डर रिकामंच असतं.

आईला समजावलं, फोल्डर उघड, वरच्या पट्टीत शेवटी बाबांचं नाव लिही आणि एंटर दाब. ती "हौ हौ" म्हणाली. आमच्या घरात हौ दोनदा आलं की समजावं, पुढचं ऐकलं गेलेलं नाही.

दोन-तीन दिवसांनी तिचा फोन आला, रिकामं दिसतंय म्हणून. मी ऑफिसातून तिच्या लॅपटॉपवर डोकावले. सगळं ठाकठीक होतं, फक्त त्या नावानं कुणी मागितलेलंच नव्हतं. पुन्हा समजावलं. पुन्हा फोन. माझा आवाज चढायला लागला, तसा तिचा बारीक झाला.

"सगळं पुसलं गेलं का गं? खरं सांग."

एरवी मी कोंडापूरहून आईकडे रविवारीच जाते. त्या दिवशी रविवारची वाट न बघता संध्याकाळी गेले.

ती लॅपटॉपसमोर बसली. मी म्हटलं, लिही. इंग्रजी अक्षरं तिला परकी नाहीत, निम्म्या अपार्टमेंटला सकाळी सुप्रभात तीच पाठवते. पण बोट कळांवर फिरून परत मांडीवर आलं.

"मी त्यांचं नाव कधी घेतलंय का?"

मला हसू आलं. लग्नात घेतलं, हळदीकुंकवाला दर वर्षी घेत होतीस, असं मी म्हणाले. ते उखाण्यात, चारचौघींत आणि ते असताना, असं तिनं सांगितलं. आता तिला हळदीकुंकवाची बोलावणी येत नाहीत, हे ती बोलली नाही. मला माहीत होतं आणि त्याचा मला राग आहे. तरी मी घोडं दामटलं, की बोलायचं नाहीच आहे, नुसतं लिहायचं आहे.

"मला कधी नाव घ्यावं लागलंच नाही," ती म्हणाली. "अहो म्हटलं की ते यायचे."

ऑफिसात कुणी असा हट्ट धरला असता तर मी त्याला नियम ऐकवले असते. इथं मी मुकाट्यानं ती फाइल उघडली, ओळीतलं डावीकडचं बाबांचं नाव पुसलं आणि तिथं तीन इंग्रजी अक्षरं लिहिली: aho. उजवीकडची जागा तीच ठेवली. कोण कशानं हाक मारतं याच्याशी पेटीला काही देणंघेणं नसतं.

आईनं एका बोटानं तीन कळा दाबल्या. क्षणभर काही झालं नाही. मग आतल्या खोलीत झोपलेली डिस्क गुरगुरली आणि बाबांच्या सगळ्या गोष्टी पडद्यावर आल्या.

तिनं मधलीच एक लावली. शेतातल्या हुरड्याची गोष्ट होती. मागं कुकरची शिट्टी, दारात भाजीवालीशी तेलुगूत चाललेली आईची घासाघीस. मग आईचाच आवाज, जवळून: "अहो, चहा निवतोय." बाबा वाक्य अर्धं टाकून म्हणाले, "आलो गं." खुर्ची सरकली. पुढं रेकॉर्डिंगमध्ये कुणीच नव्हतं, नुसता पंखा फिरत होता. आम्ही दोघींनी तो पंखाही शेवटपर्यंत ऐकला. मला बाबा हवे होते, आत्ता, त्या खुर्चीत, आणि ते कुठल्याच नावानं येणार नव्हते. आई डोळे पुसून चहा ठेवायला उठली.

आता तिला सवय झाली आहे. पेटी गुरगुरली की ती "आले" म्हणते. मध्यंतरी घरात इन्व्हर्टर बसवला, तेव्हा मी विचारलं, पुन्हा कायमचं जोडून देऊ का, म्हणजे काही लिहायलाच नको.

"नक्को," ती म्हणाली. "हाक मारल्यावर येतात, तेच बरं आहे."

त्या दिवशी मी तसलीच एक ओळ माझ्या लॅपटॉपवर लिहिली: डावीकडे baba, उजवीकडे तीच जागा. कोंडापूरच्या माझ्या घरूनही ती पेटी गाठता येते, तेवढी सोय मी आधीच करून ठेवली आहे. कितीदा तरी बोटं त्या कळांवर नेली. पण मी इथून मागितलं की पेटी तिथं गुरगुरणार, आई घरात एकटी असणार, आणि तिला वाटेल, आज हाक न मारताच आले. ती उठून बघायला जाईल. म्हणून मी रविवारपर्यंत थांबते.