संस्थेत ठेवायला हरकत नाही

बाईंना खोडरबराचा भारी राग. लिहिताना चुकलं तर एक बारीक रेघ मारायच्या, पण खालचं अक्षर दिसलंच पाहिजे. "पुसलं की माणूस खोटं बोलायला मोकळा होतो, कोंडिबा," म्हणायच्या. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मी तिथं शिपाई, चौथी शिकलेला.

तेव्हा शहराबाहेर, मुकुंदवाडीच्या पलीकडं कारखाने उठत होते. मेंढ्या चारायचं रान तारेच्या आत चाललं होतं. माझी बायको गिरजा पाचोडकडची, मेंढरांत वाढलेली. खुराला कोणता पाला, पोटाला कोणतं मूळ, सगळं तोंडपाठ. बाई रविवारी आमच्या ओट्यावर बसून तिला विचारायच्या, लिहून घ्यायच्या.

"अवो बाई, एवढं शिकलात न् हे बी ठाऊक नाय?" गिरजा हसायची.

"नाय," बाई खुशाल म्हणायच्या.

दोन वर्षांनी लेख टाइप झाला. वर दोन नावं, बाईंचं आणि गिरजाचं. बाईंनी गिरजाचं बोट धरून तिच्या नावावर ठेवलं. मग लेख एका मोठ्या प्रकाशकाच्या नियतकालिकाला धाडला. सोबतच्या फॉर्मवर न वाचताच सही केली. सगळेच करायचे.

लेख छापून आला तो एकट्या बाईंच्या नावानं. गिरजाची झाली 'एक स्थानिक मेंढपाळ स्त्री'.

"जाऊ द्या बाई," गिरजा म्हणाली, "मेंढरांला ठाऊक हाय ना." पण त्या दिवशी ती जेवली नाय. हे मी विसरलेलो नाय.

बाईंनी पत्र लिहिलं. संपादकाचं उत्तर आलं: निरक्षर बाई लेखक होऊ शकत नाही. सहीनं लेख आमचा झाला, छापील पानांची नक्कल करायची नाही. खाली एक ओळ होती, छापण्याआधीचा आपला टाइप केलेला लेख आपल्या संस्थेत ठेवायला हरकत नाही.

ते विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आज मोर्चा, उद्या संचारबंदी. बाई म्हणाल्या, "बाहेर माणसं एका नावासाठी मार खातायत, आणि मी हिचं नाव जाऊ देऊ? स्टेन्सिल काढा कोंडिबा."

सायक्लोस्टाइल यंत्राचं हँडल मी फिरवलं, टाइप केलेल्या लेखाच्या प्रती काढल्या. ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह, कँटीन, संस्थेची म्हणून जेवढी जागा तिथं प्रत ठेवली. मी पाचोडच्या बाजारातही वाटल्या. बाई रागावल्या, "बाजार संस्थेत येतो का?"

"नाय. पण मी येतो ना."

पुढं तोच संपादक आमच्याकडं परिसंवादाला पाहुणा म्हणून आला. हॉल संस्थेचाच. मी प्रत्येक खुर्चीवर एक प्रत ठेवली, त्याच्या खुर्चीवर दोन.

"हे कुणी ठेवलं?"

"मी," बाई म्हणाल्या. "आपल्याच पत्रात परवानगी आहे."

"अहो, ठेवायचं म्हणजे कपाटात!"

"पत्रात कपाट लिहिलेलं नाही."

हॉल हसला. मी सगळ्यांना चहा दिला. त्याच्यापुढं भरली किटली धरून म्हणालो, "संपला." एवढं समाधान मला पगारवाढीलाही झालं नव्हतं.

त्याची किंमत बाईंनी मोजली. त्यांची ओळसुद्धा त्या नियतकालिकानं परत छापली नाय. हाताखालचे विभागप्रमुख झाले, बाई होत्या तिथूनच निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी मी विचारलं, वाईट वाटतं का? "सही करायच्या आधी वाचायला हवं होतं, एवढंच." पुढं लेकीकडं गेल्या, तिकडंच वारल्या. मला महिन्यानं कळलं.

यंदा गिरजाही गेली. तेरावं झाल्यावर घर खायला उठलं, म्हणून कॉलेजात गेलो. ग्रंथालयातल्या मुलीनं बाईंचा लेख संगणकावर शोधला. म्हणाली, "काका, प्रकाशकाच्या लेखाला कुलूप आहे, पैसे भरले तरच उघडतं. आपल्या कॉलेजनं बाईंचा टाइप केलेला लेख चढवलाय, तो सगळ्यांना खुला. लोक हाच वाचतात."

"वर नावं किती?"

"दोन."

तो संपादक अजून जिता असेल, तर कुणीतरी मला त्याचा पत्ता द्या. मी स्वतः जाऊन त्याला वाचून दाखवणार आहे.